तुरुंगातल्या मतदानाचा हिरवा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे आणि नाटकातला तर मुळीच नव्हे. मी दवाखान्यातला पडदा. लोखंडी नळ्यांच्या तीन उंच चौकटी बिजागऱ्यांनी जोडलेल्या, प्रत्येक चौकटीत ताणून बसवलेलं हिरवं कापड आणि खाली चाकं. त्यातलं एक चाक पहिल्या दिवसापासून कुरकुरतं, आणि खरं सांगायचं तर मीही कुरकुरतो. मित्रांनो, मला कुणी 'ते स्टँड' म्हटलं की माझा पारा चढतो. मी स्टँड नाही, पडदा आहे. आणि माझ्या आड एकदा जे घडलं ते सांगताना आजही माझी छाती फुगते. म्हणजे छाती नाही मला, कापड फुगतं, पण तुम्हाला कळलं.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. हा पडदा बायकांच्या तुरुंगात जाणार आहे असं कळल्यावर त्याने मुद्दाम जाड नळी निवडली. "जड असला म्हणजे कुणी उचलून कुणाच्या डोक्यात घालणार नाही," तो आपल्या बायकोला म्हणाला. तुरुंग म्हटलं की लोकांच्या डोक्यात हेच येतं. मी इतकी वर्षं तिथे राहिलो, मला कुणी कुणाच्या डोक्यात घातलं नाही. उलट जेवढ्या मायेने माझं कापड तिथे धुतलं गेलं, तेवढ्या मायेने एखाद्या भल्या घरातला पडदाही धुतला जात नसेल.

त्याचं कारण सांगतो. तो तुरुंग गोल होता. मधे मोठी खोली, भोवती बराकी आणि वर चहूबाजूंनी फिरणारा सज्जा. सज्जात कायम पहारा. बांधणाऱ्याने डोकं असं चालवलं होतं की बाई कुठेही उभी राहो, ती कुणाच्या तरी नजरेत असणारच. झोपायची तर दिवा चालू ठेवून. न्हाणीची भिंत कमरेएवढी. रडायचं तर चारचौघींत, हसायचं तर चारचौघींत. त्या सगळ्या इमारतीत नजर न पोचणारी जागा एकच होती, ती म्हणजे माझ्यामागची.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई फार शिस्तीच्या. "या पडद्यामागचं बोलणं माझ्यात आणि पेशंटमध्ये राहील," असं त्यांनी पहिल्याच दिवशी जमादारीणबाईंना बजावलं. जमादारीणबाई म्हणजे तिथल्या सगळ्या शिपाईबायांच्या वरच्या. उंच, आडव्या अंगाच्या, आवाज असा की बराकीतली मांजरंही सरळ रांगेत चालायची. त्यांना ते बोलणं काही आवडलं नाही. पण नियम आहे म्हटल्यावर त्या गप्प बसल्या, कारण नियम हा त्यांचा देव. पटो न पटो, नियम आला की त्या त्याच्यापुढे मान तुकवायच्या आणि मग दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडायच्या.

त्यांचाही एक नियम होता. आत कुणाच्याही हातात कागद आला, मग ते घरचं पत्र असो नाहीतर औषधाची चिठ्ठी, तो उघडा करून तळहातावर धरायचा आणि जमादारीणबाईंपुढे करायचा. त्यांनी मागून-पुढून पाहिला, मान हलवली, की पुढे जायचं. घडी घातलेला कागद म्हणजे गुन्हा. नवी आलेली बाई एकदोनदा चुकायची, शिव्या खायची आणि मग तिचा हात आपोआप शिकायचा. माझ्यामागून डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन बाहेर पडणारी प्रत्येकजण पहिलं पाऊल टाकतानाच हात पुढे करायची. मला ते बघून बघून इतकं सवयीचं झालं होतं की त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

एक दिवस शिवणखात्यातली एक बाई बोटात सुई मोडून घेऊन आली. शर्टांना काजं करण्यात तिचा हात कुणी धरत नसे, म्हणून सगळ्याजणी तिला काजवाली म्हणत. डॉक्टरीणबाईंनी सुईचा तुकडा काढला तेव्हा ती हूं की चूं करेना. तुकडा निघाला आणि मग मात्र ती हमसून हमसून रडायला लागली.

"आता कशाला रडतेस? निघाली की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बोटासाठी नाही हो रडत," ती म्हणाली. "इथे कुणी बघत नाहीये ना, म्हणून आलं."

मग तिने सगळं सांगितलं. ती आणि तिची धाकटी जाऊ एकाच घरात वर-खाली राहायच्या. रोजची धुसफूस. एकदा जिन्यात भांडण पेटलं आणि हिने जावेला ढकललं. जाऊ खालपर्यंत गडगडत गेली. जीव वाचला, पण कंबर मोडली ती कायमची. काजवालीला मोठी शिक्षा झाली. नवरा आधीच जहाजावर निघून गेलेला, त्याचा पत्ता नाही. मागे राहिली एक चिमुरडी लेक, आणि तिला सांभाळलं कुणी? त्याच जावेने, काठी टेकत टेकत. "मी जिला ढकललं ती माझ्या लेकीची वेणी घालते," काजवाली म्हणाली. मी लोखंडाचा, पण माझ्याही बिजागऱ्या त्या दिवशी ढिल्या पडल्या.

माझे ते दिवस चांगले होते. तपासायला वरचे साहेब आले की डॉक्टरीणबाई मला दाखवून म्हणत, "हा नसता तर माझा दवाखाना अर्धाच राहिला असता." मी आपला ताठ उभा राहायचो.

पण मित्रांनो, चांगले दिवस कुणाचे टिकले आहेत? दवाखाना नव्या खोलीत गेला. तिथे गुळगुळीत फरशी आली, भिंतीत सरकणारं दार आलं. डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. निघताना त्यांनी माझ्या नळीवरून हात फिरवला. त्या गेल्यावर मला ढकलत ढकलत भेटीच्या खोलीत नेऊन सोडलं कुणी, तर झाडूवालीने. तिथे कोपऱ्यात झाडू, बादल्या आणि ओली फडकी ठेवत. ती भेटायला आलेल्यांना दिसू नयेत म्हणून मी! ज्याने माणसांची लाज राखली तो आता झाडूंची लाज राखत उभा. माझं कापड विटलं, एका बाजूला उसवलं, आणि एका ओल्या फडक्याने माझ्यावर असा डाग पाडला की कुणाला दाखवायची सोय राहिली नाही. कोणी माझ्याकडे बघेना. बघितलंच तर म्हणायचं, "ते स्टँड जरा सरकव गं."

त्या कोपऱ्यातून मी काजवालीच्या लेकीला मोठं होताना पाहिलं. जाळीच्या पलीकडे आधी नुसते केस दिसायचे, मग कपाळ, मग अख्खा चेहरा. आईसारखीच धारदार नाकाची आणि धारदार जिभेची. बघता बघता ती कॉलेजात गेली. आईला बाहेरच्या सगळ्या गोष्टी सांगायची. आई ऐकायची, पण मधूनच म्हणायची, "तुझ्या शाळेच्या दाखल्यावर माझं नाव नाही, घराच्या कागदावर नाही, कुठेच नाही. मी आहे तरी का गं?" लेक म्हणायची, "काहीतरीच काय!" आणि घाईघाईने दुसरंच काही सांगायला लागायची.

आणि मग तो निकाल आला. देशाच्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने सांगितलं की शिक्षा भोगणाऱ्या माणसाचं स्वातंत्र्य काढून घेतलं, ते ठीक. पण त्याचं मत काढून घ्यायचं कारण नाही, ते त्याचंच आहे. यापुढच्या निवडणुकीत कैदीही मत देतील.

ही बातमी जमादारीणबाईंनी मधल्या खोलीत सगळ्यांना उभं करून वाचून दाखवली. वाचताना त्यांचं तोंड असं झालं होतं की कुणी कारल्याचा रस पाजलाय. "ऐकलंत? कायदा मोडायचा, आणि कायदा करणारी माणसं निवडायला पहिल्या रांगेत हजर! वा रे वा! उद्या म्हणाल, किल्ल्याही आमच्याकडेच द्या." दोघीतिघी हसल्या. एका म्हातारीने विचारलं, "मत दिलं तर सुटका लवकर होते का?" नाही म्हटल्यावर तिने हात झटकला. पुष्कळजणींना त्यात काही राम वाटला नाही. काजवाली मात्र जागच्या जागी उभीच राहिली. जमादारीणबाईंनी दोनदा हटकलं तेव्हा कुठे हलली.

पुढच्या भेटीला लेक जवळजवळ धावतच आली. "आई, माझं नाव यादीत लागलं! मी पहिल्यांदा मत देणार आणि तूही देणार. एकाच दिवशी, आई! सकाळी उघडल्या उघडल्या. मी तिथे रांगेत उभी असेन तेव्हा तू इथे असशील. चुकवायचं नाही हं!"

"मेले तरी चुकवणार नाही," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "काकू काय म्हणतेय?"

लेकीने मान खाली घातली. "चिडलीय. म्हणते, माझी कंबर मोडणारीला मत? माझं ऐकून घेतलं का कुणी?"

मला वाटलं, संपलं. काजवाली म्हणाली, "तिचं बरोबर आहे. माझ्या मताने तिची कंबर काही सरळ होणार नाही. पण मी मत दिलं नाही म्हणूनही ती सरळ होणार नाही ना. उरलेल्या शिक्षेतला एक दिवससुद्धा मी कमी मागत नाही, हे सांग तिला."

"सांगितलं. तर म्हणाली, इतकी वर्षं मी मतदानाला गेले नाही, पण यंदा जाणार. तिचं मत खोडून काढायला जाणार."

काजवाली खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल. "जा म्हणावं. माझ्या निमित्ताने का होईना, घराबाहेर तर पडेल."

निवडणुकीच्या आदल्या सकाळी मतदान अधिकारी आला. काटकुळा, चष्म्याचा, सारखा घाम पुसणारा. त्याने भेटीच्या खोलीबाहेर, मधल्या मोठ्या खोलीत मतदानाची जागा ठरवली. सोबत पुठ्ठ्याचा छोटासा आडोसा आणला होता. तो टेबलावर उभा केला, खुर्चीत बसून पाहिलं, खूश झाला. मग सहज वर पाहिलं तर सज्जातली पहारेकरीण खाली वाकून त्याच्याकडेच बघत होती.

"तुम्हाला तिथून काय दिसतंय?" त्याने ओरडून विचारलं.

"सगळं दिसतंय साहेब. तुमचं टक्कलसुद्धा."

अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला. पहारा उठवता येणार नाही, असं जमादारीणबाईंनी नियम काढून दाखवलं. मत कुणाच्या दृष्टीस पडता कामा नये, असं त्याने आपला नियम काढून दाखवला. "इथे जागा बदलायची तर कुठे बदलू? ही इमारतच बघण्यासाठी बांधलीय!" तो हताश होऊन म्हणाला. "गुप्त मतदान होणार नसेल तर मला इथलं केंद्र रद्द करावं लागेल."

रद्द! काजवाली तिथेच फरशी पुसत होती. तिने हातातलं फडकं बादलीत टाकलं. ती उठली, भेटीच्या खोलीत आली, माझ्यामागचे झाडू बाजूला सारले आणि मला ओढत बाहेर काढलं. माझ्या कुरकुरत्या चाकाने सगळी खोली डोक्यावर घेतली.

"साहेब, हा चालेल का?"

"हे स्टँड?"

"स्टँड नाही साहेब, पडदा आहे तो," काजवाली म्हणाली. मित्रांनो, मला त्या क्षणी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

मला सज्जाच्या बरोबर खाली, भिंतीला लावून उभं केलं. तिन्ही चौकटी उघडल्या. सज्जातली पहारेकरीण पोटावर आडवी होऊन वाकली तरी तिला काही दिसेना. अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडला. फक्त माझं कापड उसवलं होतं, फटीतून आरपार दिसत होतं. मग दुपारी काजवाली सुईदोरा घेऊन मला शिवायला बसली. सुई बाहेर काढली की जमादारीणबाईंनी समोर बसायचं असा नियम, म्हणून त्याही स्टूल घेऊन बसल्या.

"मला एक सांग," त्या म्हणाल्या. "तुला मत द्यायचंय ते कशासाठी? खरं सांग. तुझ्या एका मताने कुठला डोंगर हलणार आहे?"

"काही हलणार नाही, बाई."

"मग? बाहेर माझा भाऊ आहे, सरळमार्गी, कुणाच्या अध्यात न मध्यात. त्याचं मत आणि तुझं मत सारखंच मोजायचं? मला नाही पटत. मरेपर्यंत पटायचं नाही."

काजवालीने दोरा दाताने तोडला. "मी वाईट केलं, त्याची शिक्षा घेतली. कुणी वाचवा म्हटलं नाही. पण बाई, एक दिवस तुम्ही मला बाहेर सोडणार. तेव्हा माझ्याकडून चांगलं वागायची अपेक्षा धरणार. ज्या गावात माझं काहीच नाही, तिथे मी कुणासाठी म्हणून चांगलं वागू? थोडं तरी माझं राहू द्या की."

जमादारीणबाईंनी हात पुढे केला. सुई परत घेतली, नीट पाहिली, डबीत टाकली. "टाका तिरका गेलाय तिथे," एवढंच म्हणाल्या आणि उठून गेल्या. टाका अजिबात तिरका नव्हता.

मतदानाचा दिवस उजाडला. बायका अंघोळी करून, केस चोपून रांगेत उभ्या होत्या. ज्यांना काही राम वाटला नव्हता त्याही होत्या, कारण काजवालीने त्यांच्या मागे लागून लागून त्यांना पुरतं भंडावून सोडलं होतं. अधिकारी टेबलाशी बसला. बाजूला एका उमेदवाराचा प्रतिनिधी, कडक इस्त्रीचा आणि कडक चेहऱ्याचा. त्याच्या पक्षाने या मतदानाला आधीपासून विरोध केला होता आणि कुठे काही चुकतंय का ते बघायलाच तो आला होता. अधिकाऱ्याने सगळ्यांना मोठ्याने समजावलं, "शिक्का पडद्यामागे मारायचा. मतपत्रिका कुणालाही दाखवायची नाही. दाखवली तर मत बाद." बायकांनी माना हलवल्या. माझ्या बाजूला, माझ्यामागून बाहेर पडायच्या वाटेवर, जमादारीणबाई नेहमीच्या जागी उभ्या होत्या.

पहिलं नाव पुकारलं. तुरुंगात नंबराने हाक मारतात. अधिकाऱ्याने पूर्ण नाव वाचलं, वडिलांचं, सासरचं, सगळं. काजवाली इकडेतिकडे बघत राहिली. मागची म्हातारी तिला ढोसत म्हणाली, "अगं, तूच ती!"

ती माझ्यामागे आली. इतक्या वर्षांनी पुन्हा आली. तिने श्वास आत ओढला, पत्रिका पसरली, सगळी नावं बोट फिरवत वाचली आणि शिक्का दाबला. फुंकर घालून शाई वाळवली. त्या वेळी दूर कुठेतरी तिची लेकही असंच करत असेल. ती स्वतःशीच हसली आणि बाहेर निघाली.

आणि मित्रांनो, पहिलं पाऊल टाकतानाच तिचा उजवा हात पुढे आला. तळहातावर कागद. उघडा. थेट जमादारीणबाईंसमोर.

जमादारीणबाईंचाही हात पुढे आला. इतक्या वर्षांची सवय ती, कुणाच्या सांगण्याने जाते का?

"बाद!" प्रतिनिधी खुर्ची पाडून उठला. "पत्रिका दाखवली! सगळ्यांसमोर दाखवली! बाद करा!"

काजवालीने हाताकडे पाहिलं. आपण काय केलं ते तिला तेव्हा कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी मुद्दाम नाही... साहेब, इथे दाखवावाच लागतो हो कागद. हात आपोआप गेला." रांगेतली एकही बाई हलली नाही. पहिलीच बाद झाली तर मागच्या कशाला पुढे येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि तिची लेक काय म्हणेल? माझं कापड सुन्न झालं.

"यांना मतं द्या म्हणे!" प्रतिनिधी म्हणाला. "साधा कागद लपवता येत नाही."

अधिकाऱ्याने घाम पुसला. काटकुळा होता, पण कच्चा नव्हता. "दाखवली हे खरं," तो म्हणाला. "पण पाहिली कुणी? तुम्ही सांगा, शिक्का कोणाच्या नावापुढे आहे?"

"मला... मागची बाजू दिसली. पण त्या बाईंनी पाहिला ना! समोरच उभ्या आहेत."

सगळे जमादारीणबाईंकडे वळले. आणि मग सगळ्यांना दिसलं. त्यांचा हात पुढे होता, पण डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हे, लहान मूल औषध घेताना मिटतं तसे घट्ट, सगळा चेहरा आक्रसून. मी शेजारीच होतो, मी शपथेवर सांगतो. कागद तळहातावर आला त्याच क्षणी ते मिटले होते. हात सवयीने पुढे गेला आणि डोळे नियमाने मिटले.

"जमादारीणबाई, तुम्ही काय पाहिलंत?"

"काही नाही साहेब. अजून मिटलेलेच आहेत. इतक्या नोकरीत आज पहिल्यांदा मिटलेत, आणि हिने घडी घातल्याशिवाय उघडणार नाहीत." मग बराकी हादरवणाऱ्या आवाजात त्या ओरडल्या, "घडी घाल गं आधी! बघतेस काय!"

"कुणीही पाहिलेलं नाही," अधिकारी म्हणाला. "मत गुप्त आहे. ताई, आत जा, घडी घाला आणि पेटीत टाका." प्रतिनिधीने हरकत घेतली. अधिकाऱ्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि तितक्याच शांतपणे फेटाळली.

काजवाली पुन्हा माझ्याआड आली. घडी तीनदा चुकली. शेवटी जमली. ती मूठ आवळून बाहेर आली, जमादारीणबाईंच्या मिटल्या डोळ्यांसमोरून ताठ मानेने चालत गेली आणि पत्रिका पेटीत टाकली. टप्प असा आवाज झाला. त्याबरोबर सगळी खोली टाळ्यांनी दणाणून गेली. सज्जातल्या पहारेकरणीने चक्क शिट्टी वाजवली. जमादारीणबाईंनी डोळे उघडले आणि "गप्प बसा!" म्हणून दरडावलं. त्या दिवशी त्यांचं ते दरडावणं कुणीच मनावर घेतलं नाही.

मग त्या रांगेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. "कान उघडे ठेवून ऐका! घडी आतच घालायची. कागद मला दाखवायचा नाही. मुठीत झाकून आणायचा. जी मला दाखवेल तिची गाठ माझ्याशी आहे!" ज्या बाईने आयुष्यभर घड्या उलगडायला लावल्या, ती आता घड्या घालायला लावत होती. बायका हसत हसत येत होत्या, मुठी छातीशी धरून पेटीपर्यंत जात होत्या. म्हातारी माझ्यामागे गेली ती बाहेरच येईना. अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, काही अडलं का?" आतून आवाज आला, "शिक्का मारून झाला बाबा. जरा एकटी उभी आहे." त्याने तिला खुशाल उभी राहू दिलं. त्या दिवशी आमच्या तुरुंगातल्या सगळ्या बायकांनी मत दिलं आणि एकही पत्रिका बाद झाली नाही.

पुढच्या भेटीला लेक आली. दोघींनी जाळीला बोटं लावली. दोन्ही बोटांवर मतदानाची शाई. "काकू गेली होती," लेक म्हणाली. "काठी टेकत गेली, रांगेत सगळ्यांशी भांडली आणि परत येताना चहा पिऊन आली. आता म्हणतेय, पुढच्या वेळीही जाणार." काजवाली हसता हसता रडली. भेटीच्या खोलीत, सगळ्यांसमोर.

हल्ली मी पुन्हा बरा आहे. माझं चाक तेल घालून ठेवतात, कापड दर निवडणुकीआधी काजवाली स्वतः धुते. मित्रांनो, एवढंच सांगणं आहे. माणसाला चूक केल्याबद्दल कोंडा, दार लावा, दाराला कुलूपही लावा. पण त्याच्यासाठी कुठेतरी एक हातभर जागा अशी ठेवा, जिथे तो एकटा उभा राहून आपल्या मनाने काही ठरवू शकेल. आणि ती जागा राखणारा पडदा असेल, तर त्याच्यावर ओली फडकी टाकू नका.

अरे हो, त्याच दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. पेटीला लाख लागली, अधिकारी गेला, बायका कामाला लागल्या. काजवाली मला ढकलत परत नेत होती. जमादारीणबाई किल्ल्या वाजवत मागून आल्या आणि रोज शंभर प्रश्न विचारतात त्याच सुरात त्यांनी विचारलं, "कुणाला दिलंस गं?"

काजवाली थांबली. त्या इमारतीत जमादारीणबाईंनी विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"नाही सांगणार, बाई," ती म्हणाली.

जमादारीणबाईंच्या भुवया वर गेल्या. मग त्यांनी दोन्ही हात मागे घेतले, जरा बाजूला सरकल्या आणि तिला वाट करून दिली.

"नको सांगूस," त्या म्हणाल्या.